सांधा कुठे मिटवावा, कुठे राखावा



या स्मृतिव्याख्यानासाठी कोणता विषय घेणार, असे विचारणारे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा त्यासोबत मागील वर्षांच्या विषयांची यादीही होती. संतवाङ्मय, गोव्याचा मुक्तिलढा, मराठीचे भवितव्य, पर्यावरण. अशा भारदस्त मालिकेत ‘प्लास्टिकच्या जहाजाचा सांधा कसा बुजवावा’ हा विषय बसवताना चिटणीसांची पंचाईत झाली असणार. निमंत्रणपत्रिकेत त्यांनी ‘हस्तकौशल्यातील एक प्रश्न’ असे सौम्य शब्द घातले आहेत. ते मी मान्य करतो; मात्र प्रश्न सांध्याचाच आहे.

या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर ज्यांचे नाव छापले जाते, त्यांना आम्ही विद्यार्थ्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही. आजही मी त्यांना मास्तरच म्हणणार. ते हस्तव्यवसाय शिकवीत. वेळापत्रकातील शेवटचा तास त्यांचा. त्या तासाला करवत, कानस, काचकागद आणि सरस यांचा मिश्र वास येई. आपल्या भागातील अनेक घरांतील कर्ते पुरुष तेव्हा बोटीवर असत. हे तारवटी सुटीवर आले की त्यांच्या ट्रंकेतून मुलांसाठी परदेशी खेळणी निघत आणि त्यांत कधीकधी प्लास्टिकच्या जहाजांचे संच असत. घरी ते जुळवणे कोणाला जमत नसे. मग ती खोकी शाळेत येत आणि मास्तरांच्या टेबलावर उघडली जात. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेरील काचेच्या कपाटात आज जी तीन जहाजे उभी आहेत, ती अशीच आलेली. ‘कटी सार्क’, ‘टायटॅनिक’ आणि ‘बिस्मार्क’.

या तिन्ही जहाजांचे काय करावे, असा प्रश्न सध्या व्यवस्थापक मंडळापुढे आहे. रंग पिवळला आहे, काही ठिकाणी सांधे पुन्हा दिसू लागले आहेत. ती मोटारी रंगवणाऱ्याकडे पाठवून नव्यासारखी करून घ्यावीत, अशी एक सूचना आली आहे. सूचनेमागील आपुलकी मला कळते. माझा अभिप्राय लेखी मागितला होता. तो येथे तोंडी, सर्वांसमक्ष देतो आहे. मी आयुष्यभर जहाजांचे नकाशे काढले, म्हणून या बाबतीत दोन शब्द बोलण्याचा मला थोडा अधिकार असावा.

प्रथम हा सांधा येतो कोठून, ते पाहू. प्लास्टिकच्या संचाचे भाग पोलादी साच्यात तयार होतात. वितळलेले पॉलिस्टायरीन मोठ्या दाबाने साच्यात शिरते, थंड होते आणि साच्याची दोन दले उघडली की भाग बाहेर पडतो. भाग बाहेर पडायचा तर त्याच्या आकाराने साच्यात अडकता कामा नये. जहाजाचे अंग मात्र बाहेर फुगलेले, वर येताना पुन्हा आत वळलेले, नाळेपाशी निमुळते. असा आकार साध्या साच्यातून एकसंध निघणे कठीण. म्हणून कारखानदार जहाज कण्यावरून उभे चिरतो आणि डावा, उजवा असे दोन भाग देतो. डेक वेगळा, त्याचेही कधी दोन-तीन तुकडे. अलीकडे सरकत्या दलांच्या साच्यांमुळे अखंड कवचाचे संच निघतात. पण तेथेही दले जुळतात त्या जागी बारीक रेघ राहतेच. सारांश, ही रेघ जहाजाची नव्हे. ती साच्याची आहे. खऱ्या जहाजाच्या नाळेवर वरपासून खालपर्यंत मधोमध अशी चीर कोणत्याही कारागिराने कधी ठेवलेली नाही.

एवढीशी रेघ, तिचा इतका बाऊ कशाला, असे कोणी म्हणेल. मास्तर याचे उत्तर फळ्यावर गणित मांडून देत. आपली ‘टायटॅनिक’ १:४०० या प्रमाणाची आहे. खरे जहाज २६९ मीटर लांब, म्हणून आपले सुमारे ६७ सेंटिमीटर. त्याच्या कण्यावर २ दशांश मिलिमीटरची फट राहिली, म्हणजे जाड कागदाच्या जाडीएवढी, तर खऱ्या जहाजावर ती ८ सेंटिमीटरची होते. आठ सेंटिमीटर! त्यातून हात आत जाईल.

या गणिताला मी आणखी एक पायरी जोडतो. १९१२ च्या एप्रिलमध्ये हिमनग घासून गेल्यावर ‘टायटॅनिक’ला शेकडो फूट लांबीचे भगदाड पडले, अशी समजूत कित्येक वर्षे रूढ होती. पण जहाज बांधणाऱ्या हारलँड अँड वुल्फ या बेलफास्टच्या कंपनीतील अभियंता एडवर्ड वाइल्डिंग यांनी त्याच वर्षीच्या चौकशीत वेगळा हिशेब मांडला होता. पाणी ज्या वेगाने आत आले, त्यावरून सर्व छिद्रांचे एकूण क्षेत्र जेमतेम १२ चौरस फूट असावे. १९९६ साली ध्वनिलहरींनी चिखलाखालील अंग तपासले, तेव्हा अखंड भगदाड नव्हेच, सहा अरुंद फटी आढळल्या. पत्र्यांच्या कडांवरील रिव्हेट सुटून सांधे उघडले होते. बारा चौरस फूट म्हणजे सुमारे १.१ चौरस मीटर. १:४०० प्रमाणात हे क्षेत्र सात चौरस मिलिमीटर भरते, तांदळाच्या एका दाण्याएवढे. आणि कण्यावरची आपली ती दोन दशांश मिलिमीटरची रेघ? ६७ सेंटिमीटर लांबीवर तिचे क्षेत्र १३४ चौरस मिलिमीटर होते. ज्या फटींनी खरे जहाज बुडाले, त्यांच्या जवळजवळ वीसपट. ज्याला जहाज कळते त्याच्या डोळ्याला ही रेघ खुपते ती यामुळे. अशा जहाजाला तरंगण्याचा हक्कच नाही, हे त्याला आतून जाणवते.

आता बुजवण्याची रीत. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम करायचे आहे.

सांधा बुजवण्याचे काम लांबी लावण्यापासून सुरू होते असे बहुतेकांना वाटते. सुतार आणि रंगारी ज्याला ‘लांबी’ म्हणतात ते लुकण, असे येथे समजावे. वास्तविक उत्तम सांध्याला लांबी लागतच नाही. पॉलिस्टायरीनचा गोंद चिकटवत नाही; तो प्लास्टिक विरघळवतो. दोन्ही कडांना गोंद लावून क्षणभर थांबावे, कडा मऊ होऊ द्याव्यात आणि मग दोन्ही भाग एकमेकांवर बेताने दाबावेत. फटीतून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक वरंबी वर येते. ती पुसण्याचा मोह होतो; पुसू नये. तीच उत्तम लांबी, कारण ती त्याच प्लास्टिकची आहे. रबरबँडांनी जहाज बांधून ठेवावे आणि विसरून जावे. निदान दोन-तीन दिवस. आपल्याकडील पावसाळ्यात आठवडा. मग धारदार पात्याने ती वरंबी खरवडावी. मास्तर शनिवारी जोडलेले जहाज पुढच्या शनिवारपर्यंत कुलपात ठेवीत. मुले उतावीळ होत. पण अपुऱ्या वाळलेल्या सांध्यावर कानस फिरवली की वर सपाट दिसते आणि आतला द्राव उडाला की महिन्याभराने तेथे खाच पडते. रंग लावून झाल्यावर उगवणाऱ्या अशा सांध्याला आम्ही मुले ‘भूत’ म्हणत असू.

फट मोठी असेल तर लांबी भरून काढू नये. लांबी आटते. त्या जागी प्लास्टिकची पातळ पट्टी बसवावी, कडेने पातळ गोंदाचा एक थेंब सोडावा. केशाकर्षणाने तो आपोआप आत ओढला जातो. वाळल्यावर पट्टी कापून घासावी. संचाच्या उरलेल्या चौकटीचे तुकडे गोंदाच्या बाटलीत विरघळवूनही सुंदर लुकण तयार होते. बारीक खळग्यांसाठीच लांबी. जपानी ट्यूबमधील लांबी आता भारतातही मिळते. मास्तरांच्या काळी ती कोठली? हार्डवेअरच्या दुकानातील मोटारींची एनसी पुट्टी हाच आधार. ती चालते, पण तिच्यातील थिनर प्लास्टिक खातो. जाड थर दिला की खालचे प्लास्टिक मऊ पडते, वरची पुट्टी आटते आणि भूत हजर. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मध्ये पातळ थर, तो वाळला की दुसरा. एम-सीलसारखे दोन भाग मळून करायचे लुकण आटत नाही, हा त्याचा मोठा गुण. ओल्या बोटाने त्याची कड मिळवता येते. फेव्हिक्विकमध्ये थोडी टाल्कम पावडर कालवून भरले तर क्षणात घट्ट होते. मात्र ते त्याच दिवशी घासावे. रात्र उलटली की ते भोवतीच्या प्लास्टिकहून कठीण होते आणि मग कानस कठीण भाग सोडून मऊ भागच खाते. सांध्याचा उंचवटा राहतो आणि शेजारी दोन खड्डे पडतात.

घासायचे ते पाण्यात, काळ्या वॉटर पेपरने. ४०० नंबरपासून सुरुवात, मग ६००, शेवटी १०००. कागद बोटावर धरून घासू नये. बोट मऊ असते, ते खळग्यात उतरते आणि खळगा तसाच राहतो. लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळावा. नाळेच्या गोलाईसाठी मात्र रबराचा तुकडा बरा. पाण्यामुळे धूळ उडत नाही, हा आणखी एक लाभ. येथे एक सूचना मुलांपेक्षा शिक्षकांसाठी करतो: थिनर आणि पुट्टीचा वास बंद खोलीत घेऊ नये. मास्तरांचा तास व्हरांड्यात भरे तो हौसेने नव्हे.

बुजला की नाही हे डोळ्याने ठरवणे सर्वांत फसवे. पांढरे प्लास्टिक, हिरवट पुट्टी, राखाडी गोंद, सगळ्यांचे रंग वेगळे, त्यामुळे सपाट जागाही खडबडीत दिसते आणि उलटही होते. एकरंगी प्रायमरचा पातळ हात दिला की सत्य बाहेर येते. जहाज खिडकीशी आडवे धरावे, म्हणजे प्रकाश अंगावरून घासत जातो आणि केसाएवढी रेघही सावली टाकते. मास्तर तर मुलाला डोळे मिटायला सांगत आणि नख सांध्यावरून आडवे फिरवायला लावीत. नख अडखळले की जहाज पुन्हा पाण्याच्या परातीत. एका मुलाचे जहाज अकरा वेळा परतीत गेले होते. तो मुलगा पुढे मोठा सर्जन झाला असे सांगितले म्हणजे सभेला बरे वाटेल. पण तो शेंगदाण्याचे तेल विकतो, आणि सुखात आहे.

येथपर्यंतची विद्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. मास्तरांचे वेगळेपण पुढे आहे.

खोके उघडल्यावर ते पहिल्या तासाला गोंदाची बाटली काढू देत नसत. कागदावर जहाजाची कुशी काढायची आणि खऱ्या जहाजाचे सांधे कोठे होते ते त्यावर आखायचे. लाकडी असेल तर फळ्या, लोखंडी असेल तर पत्रे. माहिती विश्वकोशातून, मासिकातील छायाचित्रांतून, बोटीवरच्या काकांकडून, जेथून मिळेल तेथून आणायची. त्याचे कारण असे, की सांध्यावर कानस फिरू लागली की ती साच्याची रेघ आणि जहाजाची रेघ यांत भेद करीत नाही. दोन्ही सारख्याच झिजवते. बुजवणाऱ्याला कोणती रेघ परकी आणि कोणती जहाजाची स्वतःची हे आधी ठाऊक नसेल, तर तो जहाज साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत करून ठेवतो.

‘कटी सार्क’ घ्या. हे चहाचे जहाज १८६९ साली स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे पाण्यात उतरले. १८९५ मध्ये ते पोर्तुगीज मालकाने घेतले आणि १९२२ पर्यंत ‘फेरेइरा’ या नावाने पोर्तुगीज निशाणाखाली फिरले, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांपैकी एखाद्या तारवट्याला माहीत असणे अशक्य नाही. आता ते ग्रीनिचला कोरड्या गोदीत आहे. २००७ च्या आगीतून सावरून पुन्हा लोकांसाठी खुले झाले. त्याची बांधणी संमिश्र: आत लोखंडी फासळ्या, बाहेर लाकडी फळ्या. पाण्याखालच्या अंगावर मंट्झ धातूचे, म्हणजे तांबे आणि जस्ताच्या मिश्रधातूचे पत्रे. हा खटाटोप अशासाठी, की लाकूड पोखरणारे किडे आणि अंगावर धरणारे शिंपले तांब्याच्या पत्र्याने दूर राहतात. पण संपूर्ण लोखंडी कवचावर तांबे चढवले तर खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने कुजते. मध्ये लाकूड घातले, म्हणजे दोन्ही साधले.

तेव्हा या जहाजावर सांधे उदंड आहेत. पत्र्याच्या कडा, फळ्यांच्या रेषा. आपल्या १:९६ च्या प्रतिकृतीवर पाण्याखाली ते चौकोनी पत्रे दिसतात. साच्याची रेघ नाळेवरून उतरून कण्यावरून पिछाडीपर्यंत जाते आणि वाटेत शेकडो पत्र्यांच्या कडांना कापते. रेघ मिटवायची आणि कडा मिटवायच्या नाहीत. मास्तरांनी रेघेच्या दोन्ही अंगांना पत्र्यांवर चिकटपट्टी लावली, मधली चार मिलिमीटरची वाट तेवढी घासली आणि तेथे पुसल्या गेलेल्या कडा शिवणाच्या सुईने पुन्हा कोरल्या. सुई लाकडी मुठीत बसवलेली, सरळ रेषेसाठी कडेला जाड चिकटपट्टीचा आधार. एकदा जोर लावून नव्हे. हलक्या हाताने दहा वेळा. कपाटाजवळ जाऊन जहाजाच्या पोटाकडे वाकून पाहा. नाळेपासून विताएवढ्या अंतरावर तीन पत्र्यांच्या कडा किंचित तिरक्या आहेत. त्या एका विद्यार्थ्याने कोरल्या आहेत.

लाकडी जहाजाच्या सांध्यांची स्वतःची एक मोठी विद्या होती. दोन फळ्यांच्या फटीत तागासारखे धागे ठोकून वर डांबर ओतायचे. या कामाला पोर्तुगीज भाषेत ‘कालाफेतार’ आणि ते करणाऱ्याला ‘कालाफाते’ म्हणत. पाण्यात लाकूड फुगते आणि सांधा आणखी आवळतो. जहाज उन्हात उभे राहिले की तो उघडतो. खऱ्या जहाजालासुद्धा सांधे पुन्हा पुन्हा बुजवावे लागतात, ही गोष्ट आपल्या कपाटाकडे पाहताना लक्षात ठेवावी.

‘टायटॅनिक’चे प्रकरण याहून नाजूक. त्या जहाजाच्या अंगावर तीस लाखांच्या आसपास रिव्हेट होते. पत्रे कडेला कड लावून नव्हे, एकावर एक चढवून बसवलेले. त्यामुळे कुशीवर लांबच लांब पायऱ्या दिसतात. पत्रा सुमारे एक इंच जाडीचा धरला तर १:४०० मध्ये ती पायरी ६ शतांश मिलिमीटरची होते, वहीच्या कागदाहूनही पातळ. कोणताही संच ती इतकी पातळ देत नाही; कारखानदार ती फुगवून देतो. येथे माझे मत असे, की फुगवलेली रेघ पूर्ण घासून टाकण्यापेक्षा ती हलकी करावी. मास्तरांनी तेच केले. नाळेपाशी, जेथे मधला सांधा घासताना पायऱ्या नाहीशा झाल्या, तेथे त्यांनी त्या रंगाने उभ्या केल्या. पट्टी लावायची, एनॅमलचे दोन हात द्यायचे, पट्टी काढायची. रंगाच्या थराची कड हीच पत्र्याची कड. पाच-सहा शतांश मिलिमीटर! ज्याला हे सांगितले नाही त्याला ते दिसतही नाही, तरी जहाजाच्या अंगावरचा उजेड तेथे पायरीने उतरतो.

हीच प्रतिकृती गॅरेजमध्ये गेली तर काय होईल, याची कल्पना करा. तेथला कारागीर आपल्या कामात निष्णात असतो. त्याचे सगळे कसब एका गोष्टीत आहे, की मोटारीच्या पत्र्यावर एकही रेघ, एकही पायरी दिसू नये. तो जुना रंग उतरवण्यासाठी एनसी थिनर वापरेल आणि थिनरने पॉलिस्टायरीन मेणासारखे वितळेल. समजा, त्याने थिनर न वापरता घासून काढले, तरी त्या पायऱ्या पहिल्या पाच मिनिटांत जातील. मग समोर उरेल ते चार धुराड्यांचे एक चकचकीत खेळणे.

‘बिस्मार्क’विषयी फार बोलण्यासारखे नाही. १९४१ च्या मे महिन्यात या जर्मन युद्धनौकेने ‘हूड’ बुडवली आणि तीनच दिवसांनी स्वतः बुडाली. तिचे अंग बहुतांशी वेल्डिंगने जोडलेले, म्हणून कुशी गुळगुळीत. तेथे मास्तरांनी सगळे सांधे निर्दयपणे मिटवले आणि ते योग्यच होते. आपली प्रतिकृती जपानी पद्धतीची, १:७०० ची, जलरेषेपाशी तळ सपाट कापलेली. या प्रमाणात तर एक दशांश मिलिमीटर म्हणजे सात सेंटिमीटर. डेकवरच्या लाकडी फळ्यांना आडवा जाणारा सांधा घासता येत नाही, म्हणून तेथे पांढरा फेव्हिकॉल भरून ओल्या कापडाने पुसून घेतला आहे. तो अजून शाबूत आहे.

वेल्डिंग आले आणि सांध्याचा प्रश्न संपला, असे मात्र कोणी समजू नये. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘शेनेक्टडी’ नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याशी शांत पाण्यात उभे असताना मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगले. थंडीत ठिसूळ होणारे पोलाद, कोपऱ्यांवर साचणारा ताण, वेल्डिंगमधील दोष, अशी अनेक कारणे नंतर पुढे आली. पण त्यातले एक मला फार बोलके वाटते. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेपर्यंत येतो आणि तेथे थांबतो, कारण पुढचा पत्रा वेगळा असतो. वेल्डिंगच्या जहाजात थांबायला कडच नाही. तडा या कुशीतून त्या कुशीत निघून जातो. पुढे अशा बांधणीच्या कित्येक जहाजांवर तडा अडवण्यासाठी मुद्दाम रिव्हेटच्या पट्ट्या बसवण्यात आल्या. सांध्यामुळे ‘टायटॅनिक’ बुडाली आणि सांधा नव्हता म्हणून ‘शेनेक्टडी’ फाटली. नकाशे काढताना आम्हांला दोन्ही उदाहरणे सांगितली जात.

आणि सांधा हाच ज्याचा अभिमान, असेही जहाज आहे. त्यासाठी दूर जायला नको. नौदलाचे ‘कौंडिण्य’ आपल्या गोव्यात बांधले गेले. पाचव्या शतकातील अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून त्याचा आराखडा केला. फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या सुंभाने शिवलेल्या. टाके घातले केरळमधून आलेल्या कारागिरांनी, आणि फटी नैसर्गिक राळेने बंद केल्या. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले, वर्षअखेरीस पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोहोचले. उद्या कोणी त्याचा प्लास्टिकचा संच काढला तर कण्यावरची साच्याची रेघ मिटवताना त्या टाक्यांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांपुढे येईल. टाका पुसला गेला, तर ते कोणतेही एक होडके होईल. मास्तर असते तर त्यांनी मुलांना आधी खरीखुरी सुतळी आणि दोन फळ्या देऊन शिवायला बसवले असते, याविषयी मला शंका नाही.

आता व्यवस्थापक मंडळाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर.

तिन्ही जहाजे शाळेबाहेर पाठवू नयेत. ‘कटी सार्क’चा कण्याचा सांधा नाळेपाशी सुमारे बारा सेंटिमीटर उघडला आहे. तो शिकंजात दाबून मिटवण्याचा प्रयत्न करू नये. जुने प्लास्टिक ठिसूळ झाले आहे, तडकेल. फटीत पातळ पट्टी बसवावी, गोंद ओढू द्यावा, आठवडाभर ठेवावे आणि तेवढीच वाट घासावी. भोवतालच्या पत्र्यांना पट्टीखाली झाकावे. त्या तीन तिरक्या कडा सरळ करू नयेत. ‘टायटॅनिक’ला धूळ झटकण्यापलीकडे हात लावू नये. पिवळेपणा राहू द्यावा. नाळेजवळचा रंग निघाला तर पायऱ्याही त्याच्याबरोबर निघतील. ‘बिस्मार्क’च्या नाळेवर जे भूत उगवले आहे त्याचा बंदोबस्त विद्यार्थ्यांनी करावा, तेथे बिघडण्यासारखे थोडे आहे आणि शिकण्यासारखे पुष्कळ. कपाटावर सकाळचे ऊन येते. ते तेथून हलवून जिन्याखाली ठेवावे. उन्हाने सांधे उघडतात, ही एवढी साधी गोष्ट.

मुख्याध्यापिकाबाईंनी दिवाळीनंतरच्या शनिवारी दुपारचे दोन तास आणि मागचा व्हरांडा देण्याचे मान्य केले आहे. सुरुवातीला आठवी-नववीतील सहा विद्यार्थी पुरेत. वॉटर पेपर, सुया आणि पट्टी मी आणीन. प्रत्येकाने एक जुना टूथब्रश, एक पसरट परात आणि ‘कटी सार्क’च्या कुशीचे हाताने काढलेले चित्र आणावे. चित्रात पत्र्यांच्या कडा असाव्यात. पहिल्या शनिवारी कपाट उघडणार नाही.